गप झाला की लाथ

आधी एवढं वाचा

झोपेची तपासणी दुखत नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मला ते कोणीच आधी सांगितलं नव्हतं. सुई नाही, टाके नाहीत, उपाशी राहायचं नाही. फक्त झोपायचं. इतक्या सोप्या परीक्षेत मी नापास झालो. त्याहून वाईट म्हणजे त्याआधी पास झालो होतो.

मी भरत. महाडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. नववीला श्वसनसंस्था दरवर्षी माझ्याकडेच असते. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी फुप्फुसं काढतो, छान येतात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

ही तपासणी कोणावर ओढवते

पित्ताशयात खडे झालेल्यांवर, म्हणजे माझ्यावर. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करायचं होतं. मे महिन्याची सुट्टी होती, गुरुवार ठरला होता. आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा म्हणाले म्हणून मी आणि बायको, दर्शना, डॉ. इरावतींसमोर जाऊन बसलो.

"घोरता का?"

"नाही," मी.

"हो," दर्शना.

"म्हणजे सर्दी असली तर थोडंसं."

"मॅडम, खालच्या मजल्यावरच्यांनी पंखा बदलला," दर्शना म्हणाली. "त्यांना वाटलं, त्यांच्याच पंख्याचा आवाज येतोय."

"आणि दिवसा झोप येते?"

"छे!"

हे छे मी मनापासून म्हणालो. वास्तविक परीक्षेच्या काळात पोरांना माझा वर्ग मिळावा म्हणून देव पाण्यात ठेवले जात. माझा एक जुना विद्यार्थी आता तहसील कचेरीत आहे, त्यानं एकदा चहा पाजून खुलासा केला होता. "सर, तुम्ही घोरत होता तोवर आम्ही निवांत कॉपी करायचो. घोरणं थांबलं की चिठ्ठ्या आत."

डॉ. इरावतींनी समजावून सांगितलं. काही माणसांचा झोपेत घसा सैल पडतो, वाट बंद होते, श्वास थांबतो. मेंदू दचकून जागं करतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. माणसाला सकाळी काही आठवत नाही. पण भुलीत तो दचकणारा मेंदूच झोपवलेला असतो. "आधी माहीत असलं तर आम्हाला तयारी करता येते. नळी कशी घालायची, नंतर किती वेळ नजरेखाली ठेवायचं. माहीत नसताना टेबलावर घेतलं तर..."

ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी श्वसनसंस्था शिकवतो. पुढचं मला पूर्ण करता आलं.

पुण्याहून मशीन महिन्यातून एकदा महाडला येत असे. ते नेमकं ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी यायचं होतं.

तयारी

दुपारनंतर चहा-कॉफी नाही. दुपारची झोप नाही. नेहमीची उशी आणि ढिले कपडे बरोबर घ्या. दाढी करा. डोकं धुवा आणि तेल लावू नका, कारण तारा चिकटवायच्या असतात.

सगळं पाळलं. दोनदा शांपू लावला. तेवढ्यात आई आली.

माझी आई, आवडी. पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला आमची वाडी, ती तिथेच राहते. मुलाला दवाखान्यात ठेवणार एवढं तिला कळलं होतं. जीपमधून उतरली ती पिशवीत नारळाच्या तेलाची बाटली घेऊनच. आमच्याकडे माणूस दवाखान्यात, परीक्षेला किंवा मुंबईला निघाला की त्याच्या टाळूवर तेल थापतात.

"आई, तेल नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं," म्हणाली. आणि मी चपला घालायला वाकलो तेव्हा थापलं. ओंजळभर.

"दवाखान्यात काय सुक्या डोक्यानं जातात रे? बेवारशावानी?"

तपासणी करणाऱ्या रुचिरनं माझ्या टाळूकडे बघितलं. मग त्यानं कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून माझं डोकं चोळलं. पितळी तांब्या चिंचेनं घासतात तसं.

तारा

डोक्याला, भुवयांजवळ, हनुवटीला, दोन्ही नडग्यांना. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकात बारीक नळी. बोटाला चिमटा. सगळ्या तारा एका डबीत जातात आणि डबी गळ्यात. लघवीला जायचं असेल तर हाक मारायची. तो डबी सोडवतो, आपण तिला गळ्यात घेऊन जायचं आणि परत यायचं.

मी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. शिक्षकदिनाला पोरं सत्कार करतात तेव्हाही इतकं कोणी माझ्या अंगावर बांधलं नव्हतं.

"यात झोप लागेल का हो?"

"सगळे हेच विचारतात आणि सगळे झोपतात," रुचिर म्हणाला. "घरच्यापेक्षा कमी लागते, पण लागते. तेवढी पुरते." चाळिशीकडे झुकलेला शांत माणूस होता. पुण्याच्या लॅबमध्ये खोलीत कॅमेरा असतो, इथे मात्र तो बाहेर लॅपटॉपवर नुसत्या रेषा बघत बसणार होता. त्याला माझ्यापेक्षा भारनियमनाची काळजी जास्त होती. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे त्यानं तीन जणांना विचारलं.

"पेशंटबरोबर कोण राहणार?"

"मी," दर्शना म्हणाली. आमच्याकडे पेशंटला एकटं ठेवत नाहीत. पेशंट धडधाकट असला, पोहे खाऊन चालत आलेला असला, तरी नाही. खोलीत दुसरी खाट होती. तिनं ती ओढून माझ्या खाटेला डावीकडून लावली, घरी झोपतो तशी.

झोप

हा भाग मला लिहिता येणार नाही. मी तिथे नव्हतो.

निकाल

रविवारी सकाळी रुचिरनं तारा काढता काढता सांगितलं. पक्का रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांकडून यायचा होता, पण त्याला दिसलं ते असं होतं.

"घोरणं भरपूर आहे. श्वास अडतोही, पण दहा सेकंदांच्या वर अडला तरच आम्ही धरतो. तुमचा सात-आठला परत चालू होतो. दर वेळी. असं मी पहिल्यांदा बघतोय."

"म्हणजे नॉर्मल?"

"श्वासाच्या बाबतीत साधारण तसंच. पाय मात्र फार झाडता, सर. डावा. श्वास अडला की डावा पाय हलतो आणि गाडी परत सुरू."

दर्शना खाट पुन्हा भिंतीला सरकवत होती. मी तिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात इतक्या तारा लावून मला कोणी निर्दोष सोडलं नव्हतं. बाजारपेठेतून रिक्षानं येताना मी दोन सहशिक्षकांना थांबवून सांगितलं. त्यांना काही विचारायचं नव्हतं, तरी सांगितलं.

आई गॅलरीत आंबे निवडत बसली होती.

"आई, पास! काही नाही निघालं. फक्त पाय झाडतो म्हणे."

"कोण पाय झाडतो?"

"मी. डावा."

"तुजा बा नव्हता झाडत." तिनं हातातला आंबा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दर्शना, तू कुटं निजलीव्हतीस गो?"

"तिथेच. यांच्या शेजारी."

"कुटल्या अंगाला?"

दर्शनानं माझ्या डावीकडे बघितलं, जणू ती अजून तिथेच आडवी होती.

एक जुनी सूचना

लग्नानंतर दर्शना पंधरा दिवस वाडीवर होती. तेव्हा चुलीपाशी आईनं तिला स्वयंपाकाबिंपाकाचं काही शिकवलं नाही. एकच सांगितलं. "हा बापावर गेलाय. घोरतोय तवर हाय. गप झाला का लाथ घाल गो." आईला तिच्या सासूनं हेच सांगितलं होतं. आमच्या घराण्यात सुनेला दागिना मिळाला नाही, हे मिळालं.

"पण ते मी सुरुवातीला करायचे, आई," दर्शना म्हणाली. "आता कुठे? मी तर रात्रभर झोपलेली असते."

"तू निजतेस. पाय नाय निजत."

"काहीतरीच! मी नाही लाथा मारत."

"आणि मी नाही घोरत," मी म्हणालो. या वाक्यावर आईनं पुढचा आंबा उचलला.

दुपारची झोप (तपासणीनंतर घेतली तर चालते)

तेलकट खायला बंदी होती. वरणभात खाल्ला, अर्धी वाटी आमरस चोरून घेतला आणि आई म्हणाली, "जा, नीज जरा." आई मला दुपारी झोपायला सांगते ही गोष्ट सातवीनंतर घडली नव्हती. पण शनिवारची दुपारची झोप राहिलीच होती. मी विचार केला नाही, आडवा झालो.

मध्ये काय झालं ते ठाऊक नाही. पुन्हा तेच. माझ्या बाबतीत महत्त्वाचं सगळं माझ्या गैरहजेरीत घडतं.

जाग आली ती कमरेत बसलेल्या दणक्यानं. डोळे उघडले. खाटेच्या एका बाजूला दर्शना दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती, चेहरा पांढरा. दुसऱ्या बाजूला सत्तरीची माझी आई, लुगड्याचा काष्टा सावरत, एका हातानं कपाट धरून, एक पाय वर घेऊन उभी. दुसऱ्या लाथेच्या तयारीत.

"काय झालं?"

"काय नाय," आई पाय खाली घेत म्हणाली. "नीज."

दर्शना उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी तिच्या मागे गेलो. "तुम्ही गप्प झालात," ती मोरीकडे तोंड करून म्हणाली. "मी हात बांधून बसले होते. आईंनी सांगितलं होतं, हात नाही लावायचा, बघायचं. मी आधी वीसपर्यंत मोजलं, मग मोजवेना. तुमचं पोट हलत होतं, छाती हलत होती, आणि नाकातून काही नाही. बाहुलीसारखे. मग आईंनीच..."

"अगं, पण रिपोर्ट कॉम्प्युटरचा आहे," मी म्हणालो.

विज्ञानाचा शिक्षक आहे मी.

वडील

हे थोडक्यात उरकतो. भिकू त्यांचं नाव. मुंबईला गावकीच्या, म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे, दहा-बारा माणसं एका रांगेत झोपायची. मी सातवीत असताना एका रात्री झोपेतच गेले. सगळे म्हणाले, भाग्यवान. खोलीतले रावजीकाका दहाव्याला आले तेव्हा ओटीवर बसून कौतुकानं सांगत होते, "त्या रातीला भिकूनं जरा आवाज केला नाय. आमाला सगळ्यांना कशी झ्याक झोप लागली."

त्या दुपारी आई आंब्यांची करंडी पुढ्यात घेऊन परत गॅलरीत बसली. पिकलेले एकीकडे, कच्चे दुसरीकडे. मी समोर टेकलो.

"मी वाडीवर व्हते," ती म्हणाली. "थितं लाथ घालाया कोन व्हतं?"

एक आंबा तिनं हुंगला आणि पिकलेल्यांत ठेवला. तो कच्चा होता. मी काही बोललो नाही. आयुष्यात मोजक्या वेळा मी योग्य वेळी गप्प बसलोय, त्यातली ही एक. तरी आईनं वर बघितलंच, हा का गप झाला म्हणून.

डॉक्टरांना काय सांगावं

खरं ते. पण सोपं नाही.

माझ्याकडे चांगला निकाल होता. गुरुवार होता. खडे होते, त्यांची कळ कधी पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता. जूनमध्ये शाळा. मशीन पुढच्या महिन्यात. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, मला पास व्हायला आवडलं होतं. मी रात्री दर्शनाला म्हणालो की एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांना कळत नसेल का? ती म्हणाली, "आपल्या खोलीत कॅमेरा नव्हता. उद्या तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. मी सांगितलं तर सगळंच सांगेन. शाळेच्या सुपरव्हिजनचंसुद्धा."

सोमवारी मी डॉ. इरावतींसमोर बसलो.

"मॅडम, रिपोर्टमध्ये घरगुती कारणामुळे थोडी गडबड झाली असावी."

"कसली गडबड?"

"पायाची."

"हो, रुचिर म्हणाला. डावा पाय. त्याच्यावर गोळी असते."

"तो माझा पाय नव्हता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग कोणाचा?"

"सौभाग्यवतींचा."

मी सगळं सांगितलं. आईची जुनी सूचना, जोडलेल्या खाटा, सात-आठ सेकंद. त्या हसतील अशी माझी तयारी होती, किंबहुना हसाव्यात अशी इच्छा होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाइल उघडली, गुरुवारवर रेघ मारली आणि म्हणाल्या, "सर, या रिपोर्टवर मी तुम्हाला साध्या पेशंटसारखी भूल दिली असती. ऑपरेशननंतर वॉर्डात पाठवलं असतं, वेदनेचं इंजेक्शन देऊन. त्या इंजेक्शननं झोप आणखी गाढ लागते." मग जराशानं, "आणि वॉर्डात त्यांना तुमच्या शेजारी कोणी झोपू दिलं नसतं."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पाय जरा हलत होते. दोन्ही.

दुसरी खेप, पोलादपूर

रुचिर तेव्हा खेडला होता. बुधवारी पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून पुण्याला परतणार होता. त्याची वाट एका रात्रीपुरती अडवण्यात आली. पोलादपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी दवाखान्यातली मागची खोली दिली. या वेळी खोलीत कोणीही राहायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

आई दारात रुचिरला आडवी आली.

"कोनच नाय? मंग ह्यो गप झाला तर?"

"मी बाहेर आहे ना, आजी. मला सगळं दिसतं."

"मंग लाथ घालाल?"

"आवाज देईन."

"आवाजानं नाय उठायचा. त्याला लाथच लागते."

"आजी, बोटाला चिमटा आहे. फारच खाली गेलं तर मी येईन आत."

आईनं त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांत बूट होते. तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं. दर्शना तिला घेऊन वाडीवर गेली. जीपमध्ये बसताना दर्शनानं माझी उशी दोनदा थोपटून रुचिरच्या हातात दिली.

त्या रात्रीबद्दलही मला काही विचारू नका. सकाळी रुचिरनं चहा दिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सर, रात्री तीनदा दारापर्यंत आलो होतो मी."

"कशाला?"

"तुमच्या आई म्हणाल्या होत्या त्याला."

निकाल असा: मी तासातून जितक्या वेळा श्वास घेणं सोडून देतो, तितक्या वेळा वर्गात "शांत बसा" म्हणत नाही. नापास. ठळक अक्षरांत, लाल शाईनं.

मास्क

मग एक पेटी घरी येते. तिला नळी, नळीला मास्क. मास्क नाकावर पट्ट्यांनी बसवायचा, पेटी हवा दाबून घशात सोडते, वाट उघडी राहते. रोज रात्रभर वापरायचा, ऑपरेशनच्या आधी काही आठवडे, आणि ऑपरेशनच्या दिवशी बरोबर न्यायचा. विसरू नका. भारनियमनासाठी इन्व्हर्टर लागतो. आरशात बघू नका.

पहिल्या रात्री मी मास्क लावला, पेटी सुरू केली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा अजिबात न घोरता झोपलो. घर शांत. खालच्या मजल्यावरचा पंखासुद्धा ऐकू येत होता म्हणे.

आणि लाथ बसली.

झोपलो. पुन्हा लाथ. दर्शना गाढ झोपेत होती, तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी. मी हलवलं नाही, नुसता तिच्या पायाकडे बघत राहिलो. पेटीची बारीक फुसफुस चालू होती. पाय वाट बघत होता. पायाला पेटीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की हा गप झालाय.

सकाळी सांगितलं तर म्हणाली, "काहीतरीच!"

ऑपरेशन

झालं. तेही माझ्या गैरहजेरीत. डॉ. इरावतींनी सगळी तयारी ठेवली होती. शुद्ध येता येता त्यांचा आवाज आला, "भरत सर, श्वास घ्या. छान. अजून एक." मास्क नाकावर होता, नर्स शेजारी होती. त्या रात्री मला त्यांनी वॉर्डात पाठवलं नाही. दाराच्या फटीतून आईचा आवाज ऐकू आला, "घोरतोय का गप हाय?" कोणीतरी म्हणालं, गप आहे, आजी, पण बरा आहे. आईला हे दोन शब्द एका वाक्यात पटायला वेळ लागला.

घरी आल्यावर घ्यायची काळजी

जड उचलू नका. टाके ओले करू नका. पोटाला धक्का लागू देऊ नका.

हे तिसरं वाचून दर्शना स्वतःच म्हणाली, "मी आईंच्या खोलीत झोपते." गेलीही. अर्ध्या तासानं परत आली. "तिथे फार शांत आहे," म्हणाली, आणि माझ्या डावीकडे आडवी झाली. आईनं मध्ये दोन उशा रचल्या, वर गोधडी टाकली. वाडीवर पावसाळ्याआधी बांधाला माती लावते तशी, दाबून दाबून.

दिवा मालवला. पेटी सुरू केली. दर्शनाचा श्वास लांब होत गेला. मग उशांच्या पलीकडे काहीतरी हललं. पाय चाचपत होता.

मी मास्क एका बोटानं जरासा उचलला आणि घोरलो.

पहिलं जमलं नाही, खोकल्यासारखं झालं. पोटाला टाके, ओढ बसते. दुसरं बरं होतं. तिसऱ्याला मी वडिलांसारखा सूर लावला, निदान मला आठवतो तसा. शेजारच्या खोलीतून आई झोपेतच "हां" म्हणाली. उशांच्या पलीकडचा पाय थांबला, आणि मग हळूहळू आपल्या जागी परत गेला.

मी आणखी थोडा वेळ घोरत राहिलो. ती अगदी गाढ झोपेपर्यंत. मग मास्क नीट बसवला.